उलट, सुलट आणि एक सुटलेला टाका

विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरच्या सिंगापुरात स्वेटर विणायचा म्हटले की लोक हसतात. तरी आमची आई पुण्याहून आली ती सुया घेऊनच. मेलबर्नला शिकायला निघालेल्या नातवासाठी चायनाटाऊनच्या पीपल्स पार्क सेंटरमधून लोकर आणली आणि काम सुरू झाले. मीही शेजारी बसून पुन्हा हात बसवू लागले.

टाके मुळात दोनच. सुलट विणताना धागा मागे, उलट विणताना पुढे. (१५६२ साली पुरलेल्या, फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या पत्नीच्या, एलिओनोराच्या मोज्यांतही उलट टाके आहेत!) गंमत अशी, की सुलट टाका मागून पाहिला की उलट दिसतो. एक ओळ सुलट, एक उलट विणली की पुढून गुळगुळीत दिसते, पण कडा गुंडाळतात. म्हणून खालच्या घेराला दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी. ती ताणते आणि पुन्हा आवळते.

आई परत गेल्यावर स्वेटरची घडी घालताना पाठीवर एक सुटलेला टाका दिसला. खाली चार ओळी शिडी झाली होती. शिवाय पट्टीत एका ओळीत उलटच्या जागी सुलट. आईला मोतीबिंदू आहे.

शिडी ताणाने वाढतच जाते. क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा ओढत टाका वर आणला आणि जुळत्या लोकरीने टाचला. त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. प्रश्न पट्टीचा होता. लहानपणी माझा मफलर आईने तीनदा उसवायला लावला होता. आता तिचे काम मी उसवू? गुपचूप उसवले तर स्वेटर तिचा राहील का? आणि बोलले तर ती सुयाच खाली ठेवेल. तुम्ही काय केले असते?

मफलर उसवायचा तो माझा हात शिकावा म्हणून, अशी मी मनाची समजूत घातली. ऐंशीव्या वर्षी हात काय शिकणार? पण तिचाच नियम तिला लावायचा नाही, ही माया की तिला मोडीत काढणे? हे मात्र मला खुपत राहिले.

रविवारी फोनवर सांगून टाकले.

"पट्टीचं ठाऊक होतं गं. उसवत बसले असते तर तो निघायच्या आत झाला नसता."

शिडीचे तिला ठाऊक नव्हते. तेही सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली.

"टाचताना धागा ओढून नाही ना घेतलास? तिथे चुणी पडते."