उष्टा श्वास

मालवणात मी पर्यटकांना समुद्राखाली नेतो. स्वतःचा पहिला रेग्युलेटर घेतला तो जुना, एका डाइव्ह सेंटरने काढून टाकलेल्या सामानातला. घरी आणून ओट्यावर ठेवला. आईने त्याचं रबरी तोंड दोन बोटांत धरून उचललं.

"दुसऱ्याचा उष्टा तोंडात घालतलंस?"

"आये, तोंडाचो तुकडो बदलतलंय."

"आणि आतला?"

या 'आतला'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आठवड्याने सर्व्हिस शिकवणाऱ्या कारागिरापुढे बसून तो उघडला. सिलिंडरमधली सुमारे दोनशे बारची हवा पहिला टप्पा नऊ-दहा बारवर आणतो, तोंडाजवळचा दुसरा टप्पा ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो. पहिल्या टप्प्याच्या दाराशी एक बारीक जाळी असते. ती हिरवी पडली होती. "खारं पाणी गेलंय," कारागीर म्हणाला. आधीच्या मालकाने धुताना त्या दाराचं झाकण लावलं नसावं.

ओ-रिंगा, दोन्ही सीट, पडदा, जाळी सगळं काढलं. टाकायचं ओंजळभर निघालं. उरलं पितळेचं अंग, स्प्रिंग आणि एक तरफ. नवे भाग बसवून गेज लावलं. काटा साडेनऊवर येऊन थांबला, वर सरकला नाही. म्हणजे सीट गळत नाही.

मग हा तोच रेग्युलेटर का? 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला विचारतात, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? एकेक भाग बाजूला काढत गेलं की रथ हे नुसतं नाव उरतं. मला ते पटतं. पण आईची शंका त्याने सुटत नाही. तिला नावाशी देणंघेणं नाही, तिला विटाळाची चिंता आहे.

आणि तिच्या देवघरात पणजीची समई आहे. चार पिढ्यांचे हात तिला लागलेत. तेल रोज नवं, वात रोज नवी, पितळ तेच. तिला कोणी उष्टी म्हणत नाही, कारण दर सोमवारी चिंचेने घासून तिच्यावरचा कळंक काढला जातो. आमचा कारागीर पितळेचं अंग पातळ व्हिनेगरमध्ये बुडवतो. आंबटपणा वेगळा, काम एकच.

हवेचं म्हणाल, तर सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर किनाऱ्यावरचीच हवा ओढतो. ती रापणकरांनी, पर्यटकांनी, झाडामाडांनी आधी घेतलेली असते. कोरा श्वास कोणाच्याच वाट्याला येत नाही.

तरी आई एका बाबतीत बरोबर होती. त्या जाळीवर दुसऱ्याचं काहीतरी उरलं होतंच. ती त्याची हयगय होती. मला वाटतं, वस्तूला खरा विटाळ होतो तो हयगयीचा, आणि तो आपल्या हातूनही होतो. कोरा रेग्युलेटर घेऊन एक मोसम झाकण न लावता धुतला, तर त्याच्याही जाळीवर तोच हिरवा कळंक चढतो, आणि तेव्हा बोट दाखवायला आधीचा मालक नसतो.

म्हणून नव्याला मी नावं ठेवत नाही. नव्यात वॉरंटी मिळते, सुटे भाग मिळतात आणि आधीचा इतिहास वाचत बसावं लागत नाही. पण त्याची शुद्धी पहिल्या बुडीपर्यंतच. पुढची आपल्याला रोज गोड्या पाण्याने कमवावी लागते.

तुम्ही जुना घेणार असाल, तर विकणाऱ्याला वय विचारू नका, सर्व्हिसची नोंद मागा. जाळीचा रंग बघा, होज धातूला जुळते तिथे वाकवून चिरा बघा. नोंद नसेल तर पूर्ण सर्व्हिसचा खर्च किमतीत धरा. आणि त्या मॉडेलचे भाग आता मिळत नसतील, तर फुकट दिला तरी घेऊ नका.