नटाने बोलावे काय?

विराटपर्वात कीचकाने लाथ मारली म्हणून सैरंध्री भर सभेत न्याय मागते. तेव्हा कंकाच्या वेषातला धर्मराज तिलाच दटावतो: तुला वेळकाळ कळत नाही, नटीसारखी रडत काय फिरतेस! त्याची अडचण खरी होती. अज्ञातवास उघडा पडता तर पुन्हा बारा वर्षे वनवास. तथापि ती उपमा आमच्या मनातून जात नाही. नटाचे रडणे खोटे, सबब त्याचा आक्रोश मोजायचा नाही, हा समज किती जुना! वस्तुतः त्या सभेत सोंग घेऊन बसला होता तो धर्मराजच.

पु. ल. देशपांडे यांच्याकडूनही लोकांची अपेक्षा हसविण्याचीच होती. 'गुळाचा गणपती'चे (१९५३) नायक आणि 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी करणारे ते नट. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. विरोधक तुरुंगात गेले, वृत्तपत्रांना मजकूर आधी दाखवावा लागू लागला. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत निर्भयपणे बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. पु. ल. १९७७च्या निवडणुकीत जनता पक्षासाठी गावोगाव सभांतून बोलले. जयप्रकाशांच्या तुरुंगातील रोजनिशीचा त्यांनी मराठी अनुवाद केला. त्याचे नाव 'स्वगत', रंगभूमीवरचाच शब्द. पक्ष जिंकला, पण सत्तेतले पद त्यांनी घेतले नाही. १९९६ साली 'महाराष्ट्र भूषण' स्वीकारतानाही, पुरस्कार देणाऱ्या सरकारला बोचेल असे ते लोकशाहीविषयी बोललेच. आमच्या मते हे दुसरे बोलणे अधिक कठीण. शत्रूला सुनावता येते. हार घालणाऱ्यास सुनावताना जीभ जड होते.

कोणी म्हणेल, १९७७त बंधने सैल झाली होती, धोका तो केवढा? आक्षेप अगदीच खोटा नाही. बर्लिनच्या सरकारी नाट्यगृहातील नट हान्स ओटो याची गोष्ट पाहावी. हिटलर सत्तेवर येताच १९३३त त्याला काढून टाकले. तो देश सोडून गेला नाही, गुप्तपणे विरोधाचे काम करीत राहिला. नोव्हेंबरात पकडला गेला, छळ झाला आणि २४ तारखेला तो मेला. वय अवघे ३३. सरकारने सांगितले, आत्महत्या! त्याच्या पारड्याशी पु. लं.चे पारडे तोलू नये. परंतु दोघांनाही एकच सोय उपलब्ध होती: आपण काय, नट, आपले काम रंगमंचावर. ती दोघांनी नाकारली.

पोथी सांगणाराही एका परीने नटच, आणि आम्ही पुरोहिताच्या घरातले. यजमानाच्या दक्षिणेवर चूल पेटते. पांढुर्णा असो वा सौंसर, विराटपर्व लावले की सभेचा भाग चटकन आटोपून नर्तनशाळेतल्या कीचकवधाकडे जाण्याचा मोह होतो. वध रंगतो, श्रोते खूश होतात. सभेतल्या त्या मौनावर मात्र घटकाभर थांबले, तर समोर बसलेल्या एखाद्या यजमानाला ते लागेल. येत्या चातुर्मासात तेथे थांबायचे, असे आम्ही योजिले आहे.