दक्षिणा कोणाची?

धर्मविद्या शिकणाऱ्याला सरकारी पैसा द्यावा का, हा वाद मराठी समाजाला जुना आहे. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावात सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. हेतू विद्येला आश्रय देण्याचा होता, पण हात पसरण्याचा अधिकार ब्राह्मणांनाच होता. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने ही प्रथा मोडली नाही, तिला 50 हजार रुपयांची मर्यादा घातली. त्याच निधीतून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1849 मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी काढा. सनातनी मंडळी खवळली, तेव्हा अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. पैसा साऱ्या रयतेचा असेल, तर विद्येच्या मानकऱ्यांची निवड जन्मावरून होऊ नये, ही त्या भांडणातली खरी गोष्ट होती.

पुढे संविधानाने सीमा आखली. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर लादता येत नाही, आणि संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांचा अभ्यास मात्र वर्ज्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात तसे स्पष्ट केले. तरी सरकारे या सीमेच्या जवळून चालतातच. महाराष्ट्रात मदरशांच्या आधुनिकीकरणासाठी झाकीर हुसेन यांच्या नावाची योजना आहे. तेलंगणात 2023 मध्ये वेदपाठशाळांना अनुदान जाहीर झाले.

या दोन्ही मदतींची कसोटी तेलंगणातल्याच आदिलाबादमध्ये लागते. इथल्या राजगोंडांची देवकथा आणि कुळकथा सांभाळणारे परधान घरी मराठी बोलतात आणि किकरी या तंतुवाद्याच्या सुरावर गोंडीत कथा गातात. केसलापूरला पौष अमावस्येला भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेमागे मेसराम कुळाची जी परंपरा आहे, तिची स्मृती अशा गायकांच्या कंठात आहे. परधानाचा मुलगा ती वडिलांच्या मागे बसून, वर्षानुवर्षे ऐकून शिकतो. या विद्येला ना इमारत, ना हजेरीपट, ना प्रमाणपत्र. संस्थेच्या नोंदणीवर बेतलेले अनुदान त्याच्या दाराशी पोचणार कसे?

माझे म्हणणे सरळ आहे. सरकारने श्रद्धेला पैसा देऊ नये, शिकणाऱ्याला द्यावा. वेद, कुराण, पाली त्रिपिटक वा गोंडी कथा, काहीही शिकणाऱ्या गरीब मुलाला एकाच निकषावर शिष्यवृत्ती मिळावी. तिच्यासोबत शालेय शिक्षण सक्तीचे असावे, म्हणजे पुढे दुसरी वाट धरायची झाली तर त्याला अडचण येणार नाही. मौखिक विद्येची परीक्षा त्या विद्येच्या जाणत्यांनी घ्यावी. आणि त्या विद्येवर शंका घेण्याची मुभा विद्यार्थ्याला असावी. ती नसेल तिथे सार्वजनिक पैसा जाऊ नये. 1849 च्या तरुणांनी दक्षिणेचे दार किलकिले केले होते. ते पुरते उघडायचे, तर पहिला हक्क आजवर ज्यांच्या विद्येला कुणी विद्याच म्हटले नाही त्यांचा आहे.