एकजुटीत कोण कोण?

एकजूट दाखवणं हल्ली फार सोपं झालंय. पत्रकावर सही केली, जाहीर पाठिंबा दिला, की झालं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी या शब्दात प्राण ओतला तो मात्र पगार बुडवून. 22 जुलै 1908 रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला आणि गोळीबारात माणसं गमावली. या संपात स्वतःसाठी काहीच मागितलेलं नव्हतं. दुसऱ्यासाठी आपण झळ सोसायची, हा अर्थ तेव्हाच ठरून गेला.

पण दुसरा म्हणजे कोण?

1928 च्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार सहा महिने तगून राहिले. गिरणी कामगार युनियन याच संपातून उभी राहिली. मात्र ज्या विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे, तिथे अस्पृश्य कामगाराला पाऊल टाकता येत नव्हतं. कारण अगदी साधं होतं. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे विटाळ! त्यामुळे दलित कामगार कमी मजुरीच्या खात्यांतच अडकून पडला. ही अडवणूक प्रामुख्याने सवर्ण सहकाऱ्यांची होती. संपाच्या सभेत शेजारी बसून घोषणा देणाऱ्यांची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, की सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांमध्ये घाला, नाहीतर आमच्या लोकांना संपात उतरू नका असं सांगावं लागेल. पुढाऱ्यांनी ते नाखुशीने मान्य केलं. अशा मागणीला चळवळीत फूट पाडणं म्हणायची सवय आपल्याकडे जुनी आहे. मला ती पूर्णपणे चुकीची वाटते. फूट धोट्यापाशी आधीच पडलेली होती. बाबासाहेबांनी ती सर्वांसमोर मांडली. पुढे 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. तत्त्वावरचे मतभेद कायम ठेवून.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची गोष्ट तर संपाच्या इतिहासात तळटीपेपुरतीच येते. संप लांबला तरी त्यांनी कामगारांची ताटं थांबवली नाहीत आणि वाण्याची उधारी आपल्या डोक्यावर घेतली. युनियनच्या वहीत त्यांची नावं नव्हती. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं, तेव्हा या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली.

आज कारखान्यांत, पालिकांत, इस्पितळांत कायम आणि कंत्राटी माणसं एकाच पाळीत तेच काम करतात. पगार निराळा, रजा निराळी, अनेकदा युनियनही निराळी. कायम कामगारांच्या संघटनांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुढचं मागणीपत्रक लिहाल तेव्हा कंत्राटी सहकाऱ्यांची मागणी पहिल्या क्रमांकावर घाला आणि वाटाघाटीत ती शेवटपर्यंत सोडू नका.