वरळीचा विजय, वारल्यांची शाळा

२०२५च्या १६ एप्रिलला महाराष्ट्र सरकारने शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. जूनमध्ये 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं, २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले, नरेंद्र जाधवांची समिती जाहीर झाली आणि ५ जुलैला वरळीत विजय साजरा करायला उद्धव आणि राज हे दोन ठाकरे एका व्यासपीठावर आले. मराठी वाचली म्हणून पेढे वाटणाऱ्या एका विद्वान मित्राला मी विचारलं, "मराठी वाचली, पण पोरांना मराठी वाचता येते का?" तो म्हणाला, "ते घरचं काम. ज्यांच्या घरात पुस्तकच नाही, त्यांचं शाळा तरी काय करणार?"

हा लेख त्या पेढ्याची परतफेड आहे.

'असर'च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. बाकीची सगळी घरं नालायक आहेत, असं म्हणायचं का? ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, त्याचं मूल शाळा कशीही असली तरी वाचायला शिकतं. शाळा काढायची ती उरलेल्यांसाठी. रयतेच्या पैशावर वरच्यांचं उच्च शिक्षण पोसलं जातं आणि रयतेची पोरं कोरडी राहतात, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगाला सांगून झालं आहे. माझ्या मित्राने फुल्यांवर व्याख्यानं दिली आहेत.

मुळात आपण शिकवतो तरी कसं? कित्येक वर्गांत अजून क, ख, ग, घ, ङ अशी फळ्यावरून वरात निघते. सहा वर्षांचं पोर 'ङ' घोटतं. तो त्याला पुन्हा भेटणार 'वाङ्मय' या शब्दात, आणि तोवर बहुतेकांचा वाङ्मयाशी संबंध संपलेला असतो. वर्णमाला संपेपर्यंत मात्रा नाहीत, मात्रा नाहीत म्हणून शब्द नाहीत आणि शब्द नाहीत म्हणून वाचण्याला अर्थ नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आणि पालघरच्या सोनाळ्यात नीलेश निमकरांच्या 'क्वेस्ट'ने वेगळी वाट धरली. नेहमी लागणारी थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरी मात्रा एकत्र द्यायची, त्यातून मुलांनी लगेच शब्द वाचायचे, आणि जोडीला रोज गोष्ट वाचून दाखवायची. यात जादू काही नाही. पण ज्यात जादू नाही त्याचं उद्घाटन करता येत नाही.

आता ताराबाई मोडकांकडे येतो. त्यांच्याविषयी मी पक्षपाती आहे आणि राहणार. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी रुजवून, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभारून या बाई १९४५मध्ये बोर्डीला आल्या. मुलं बालवाडीत येईनात. आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असा अहवाल लिहून त्यांना शहरात परतता आलं असतं. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांसाठी काम सुरू झालं. मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळा कुरणात गेली. माँटेसरीच्या महागड्या साधनांची जागा बियांनी, पानांनी, खड्यांनी घेतली.

माझे डावे मित्र विचारतात, पोटात अन्न नसलेल्याला अक्षरं कसली देता? प्रश्न खरा आहे. त्याच १९४५ साली त्याच मुलखात गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करत होत्या, आणि वेठ मोडल्याशिवाय पोर मोकळं होत नाही. पण वेठ मोडल्यावरही कर्जाचा कागद वाचता आला नाही, तर सावकार दुसऱ्या दाराने आत येतो. या दोघींपैकी एकीला निवडा म्हणणाऱ्याला दोघीही कळलेल्या नाहीत.

इथवर माझं म्हणणं असं दिसेल की हिंदीचा वाद म्हणजे निव्वळ तमाशा आणि खरा प्रश्न पद्धतीचा. कोसबाड मात्र हे एवढ्यावर सुटू देत नाही. वारली पोर घरी जे बोलतं ते पुस्तकात नसतं. मेळघाटातल्या धारणीचं कोरकू पोर किंवा भामरागडचं माडिया पोर पहिलीत बसतं, तेव्हा मराठी हीच त्याची परकी भाषा असते. न कळणाऱ्या भाषेत अक्षरओळख करून देणं हा अन्याय आहे, हे हिंदीविरोधकांचं तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ते वरळीत थांबतं. तेच तत्त्व मेळघाटात नेलं की आपण सक्ती सोसणारे उरत नाही, करणारे होतो.

म्हणून मित्राला माझं उत्तर असं. घराकडून भाषा घ्यावी; आजीची गोष्ट, कोडी, गाणी ही फुकटची पुस्तकं आहेत. गावाकडून जागा घ्यावी. अनुदानित वाचनालयात संध्याकाळी पेपर चाळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शेजारी पोरांसाठी एक सतरंजी मावते. अक्षर मात्र शाळेनेच शिकवावं, ते निरक्षर आईच्या गळ्यात मारू नये. आणि पहिली-दुसरीला मुलांची बोली येणारे शिक्षक द्यावेत. अडीच महिन्यांत शासन निर्णय काढून, बदलून, रद्द करू शकणाऱ्या यंत्रणेला हे अशक्य नाही. या मागणीसाठी मोर्चा निघाला तर मी पहिल्या रांगेत येईन. फार गर्दी नसेल, तेव्हा जागा नक्की मिळेल.