द्रव्य, पर्याय आणि जुन्या मोटारीचे सस्पेन्शन

एखाद्या वस्तूचे घटक एकेक करून बदलले तर ती वस्तू तीच राहते काय, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आज अत्यंत व्यावहारिक रूपात उभा राहतो तो अभिजात मोटारींच्या जतनात. अशा मोटारीच्या पुढच्या चाकांचे सस्पेन्शन, म्हणजे रस्त्याचे धक्के पचवणारी आणि चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडून ठेवणारी स्प्रिंगा, भुजा, सांधे व शॉक अब्सॉर्बर यांची रचना, झिजली की मालकापुढे दोन वाटा असतात: कंपनीच्या मूळ घडणीचेच भाग दुरुस्त करून पुन्हा बसवणे, किंवा इतर उत्पादकांनी पुढे तयार केलेला, बहुधा अधिक कार्यक्षम असा संच घेणे. यांतील निवड केवळ रुचीची किंवा खर्चाची मानली जाते; वस्तुतः तिच्या मुळाशी सत्तेविषयीची, म्हणजे ‘असणे’ म्हणजे काय याविषयीची, एक भूमिका असते.

म्हैसूर परिसरात या प्रश्नाला विशेष औचित्य आहे. श्रीरंगपट्टणाजवळचे ‘पयण’ हे मोटारींचे संग्रहालय श्रीक्षेत्र धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. डी. वीरेंद्र हेग्गडे यांच्या संग्रहातून साकारले आहे. आणि धर्मस्थळ हे असे क्षेत्र आहे, की जेथे मंजुनाथाच्या शिवमंदिराची व्यवस्था जैन घराण्याकडे आणि पूजा माध्व वैष्णव पुजाऱ्यांकडे चालत आली आहे. जैन दर्शनाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते येथे फार उपयोगी पडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार जे जे सत् आहे त्याच्या ठायी उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही एकाच वेळी असतात: पर्याय, म्हणजे वस्तूच्या बदलत्या अवस्था, येतात आणि जातात, पण त्यांना आधार देणारे द्रव्य टिकते. याउलट ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की आस, चाके, जू यांपैकी कोणतीही एक गोष्ट म्हणजे रथ नव्हे आणि त्यांच्यापलीकडेही रथ सापडत नाही. रथ हा घटकांच्या आश्रयाने होणारा व्यवहार आहे. बौद्ध भूमिका स्वीकारली तर ‘मूळ’ मोटार असे काही उरतच नाही, आणि जतनाची सारी खटाटोप निराधार होते. जैन भूमिका अधिक कठीण काम सांगते: बदल नाकारायचा नाही, पण काय टिकले पाहिजे ते ठरवायचे.

ते ठरवण्यासाठी यंत्राकडे बारकाईने पाहावे लागते. १९४८ साली बाजारात आलेली, अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी घडवलेली मॉरिस मायनर ही मोटार या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगेचे काम करणारा पोलादी दांडा, आधार देतो. आणि शॉक अब्सॉर्बर हा नळीच्या आकाराचा नसून तेलाने भरलेल्या पेटीतून बाहेर आलेल्या भुजेचा असतो. ही भुजाच चाकाला वरून धरणारा सांधा असते, त्यामुळे येथे धक्का शमवणारा भाग आणि चाक धरणारे हाड एकच आहेत. बाहेरचे नळीचे शॉक अब्सॉर्बर बसवताना काही संचांत जुन्या पेटीतले तेल काढून तिची भुजा नुसता सांधा म्हणून ठेवली जाते. म्हणजे मूळ धातू जागच्या जागी राहतो आणि त्याचे कार्य मात्र निघून जाते. जो केवळ धातू पाहतो त्याला ही गाडी मूळची वाटेल. पण कार्य हाही वस्तूचा गुण आहे असे मानणाऱ्याला येथे मोठा पालट झालेला दिसेल.

प्रीमियर पद्मिनी या मोटारीची गोष्ट निराळी. तिच्या पुढच्या चाकांना दोन भुजा आणि गुंडाळीची स्प्रिंग असल्यामुळे शॉक अब्सॉर्बर हा सुटा भाग आहे. तो बदलला तरी सांगाड्याला एकही नवे भोक पाडावे लागत नाही, आणि मनात आले की जुना परत बसवता येतो.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ज्या गाडीचे किंगपिन, म्हणजे ज्यांभोवती पुढची चाके वळतात त्या खुंट्या, सैल झाल्या आहेत आणि जिच्या रबरी बुशांना भेगा पडल्या आहेत, ती गाडी द्रव्याने मूळची असली तरी वागण्याने नाही. चामुंडी टेकडीच्या उतारावर ती कारखान्यातून निघालेल्या गाडीसारखी वळणार नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या टायरांऐवजी रेडियल टायर घातले की सस्पेन्शन ज्या गृहीतावर बेतले होते ते आधीच बदललेले असते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव हा तर मूळपणाहून नक्कीच मोठा आहे, आणि अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या परंपरेत याविषयी दुमत संभवत नाही.

कायदा येथे फारशी दिशा देत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज मोटारीची व्याख्या करताना ५० वर्षांहून अधिक वय आणि मूळ रूप या अटी घातल्या, तसेच चॅसिस, बॉडी व इंजिन यांतील मोठ्या फेरफारांचा उल्लेख केला; सस्पेन्शनचे नाव त्या व्याख्येत नाही. आगमपरंपरेतील मंदिराच्या जीर्णोद्धाराचा विधी याहून अधिक स्पष्ट आहे. त्यात दुरुस्तीपूर्वी देवतेचे सान्निध्य मंत्रपूर्वक कलशात नेले जाते आणि काम झाल्यावर पुन्हा मूर्तीत आणले जाते, म्हणजे बदल होतो तो उघडपणे, विधिपूर्वक आणि सातत्य न तोडता. नवरात्रातील नवमीला म्हैसूरच्या राजवाड्यात आयुधपूजा होते तेव्हा शस्त्रांबरोबर वाहनांचीही पूजा होते, आणि कोणता भाग केव्हा बदलला हे त्या वेळी कोणी विचारत नाही; पण पूजेची उदारता ही जतनाची कसोटी होऊ शकत नाही.

यावरून निर्णय असा निघतो की, जेथे शॉक अब्सॉर्बर हेच सस्पेन्शनचे हाड आहे तेथे मूळ भागच नव्या सील, पिना आणि बुशांनी दुरुस्त करून वापरावा. जेथे सुटा भाग छेद न देता बदलता येतो तेथे बाहेरचा भाग घेण्यात दोष नाही. दोन्ही बाबतींत काढलेले भाग भंगारात न देता तेल लावून गाडीसोबत जपावेत, आणि काय बदलले, केव्हा बदलले याची नोंद पुढच्या मालकासाठी गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.