गोळी चालू आहे, तपासणीचे काय?

‘गोळी रोज घेतो, मग तपासणी कशाला?’ एचआयव्ही टाळण्यासाठी ‘प्रेप’ घेणाऱ्या पुरुषाच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधे एकत्र असलेली गोळी सांगितल्याप्रमाणे घेतली, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. अमेरिकेने २०१२ साली तिला मान्यता दिली. आपल्याकडे ‘नॅको’ने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, २०२२ साली तिच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्यांनी मित्रांना एड्सने जाताना पाहिले, त्यांना या गोळीचे मोल सांगावे लागत नाही.

पण ही गोळी सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया यांना अडवत नाही. म्हणूनच दर तीन महिन्यांनी एचआयव्हीबरोबर या आजारांचीही तपासणी करायची असते. गनोरिया आणि क्लॅमिडिया घशात किंवा गुदद्वारात असले, तर बहुतेकदा काहीच जाणवत नाही. दुखत नाही, स्राव नाही, ताप नाही. नुसती लघवी तपासून ते सापडतही नाहीत. त्या त्या जागेचा नमुना घ्यावा लागतो. त्यासाठी पुरुषाला आपले संबंध कसे आहेत हे डॉक्टरांना सांगावे लागते. आणि सगळे अडते ते इथेच.

समोरचे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘लग्न झालंय का?’ मग कपाळाला आठी. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा कलम ३७७ बाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला. संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करू नये आणि माहिती गुप्त ठेवावी, असे सांगणारा कायदाही त्याच महिन्यात लागू झाला. कायदा बदलला, पण ती आठी राहिली. जो माणूस अशा नजरेतून एकदा गेला, तो पुन्हा तीन महिन्यांनी त्या दारात कशाला येईल?

या गोळीने पुरुष बेफिकीर होतात, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. वर्षातून चार वेळा स्वतःहून रक्त द्यायला येणारा माणूस बेफिकीर कसा? इतकी काळजी स्वतःला सभ्य म्हणवणारे किती नवरे घेतात? गरोदरपणात बाईची सिफिलिसची तपासणी होते, आजार निघाला तर बोट तिच्याकडे वळते आणि ज्याच्याकडून तो आला असेल तो पुरुष अनेकदा तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. उपचार झाला नाही, तर तो आजार पोटातल्या बाळापर्यंत जातो. हे सारे पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरे होणाऱ्या आजारापायी.

गोळी प्रामुख्याने घेणाऱ्याचे रक्षण करते. तपासणी मात्र त्याच्या जोडीदाराचेही रक्षण करते, आणि त्या जोडीदाराच्या घरी असलेल्या, याला कधीच न भेटलेल्या माणसाचेही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर ‘तूही तपासून घे’ असा फोन करणे फार जड जाते. संबंध तुटेल, चारचौघांत नाव जाईल, ही भीती खरी असते. तरीही तो फोन करणारा माणूस माझ्या लेखी धैर्यवान आहे.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून लैंगिक आरोग्यावर लिहिले, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात डॉ. आंबेडकरांनी मांडली. आज असे खटले होत नसतील, पण दवाखान्यात त्याच विषयावर माणसाला खाली मान घालायला लावणे सुरूच आहे.

डॉक्टरांना विनंती आहे: लग्नाचे नंतर विचारा, आधी माणसाला बसायला सांगा. आणि प्रेप घेणाऱ्या मित्रांनो, या तिमाहीची तपासणी राहिली असेल तर या आठवड्यात करून घ्या. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते, आणि कुठे जायचे हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येते.